सायकिट-लर्नमध्ये सपोर्ट व्हेक्टर रिग्रेशन कसं वापरायचं

सपोर्ट व्हेक्टर रिग्रेशन पहिल्यांदा चालवलं आणि अंदाजांचा आलेख काढला, की पुष्कळदा समोर येते ती जवळजवळ आडवी रेघ. खरी मूल्यं २५ पासून ३४६ पर्यंत उड्या मारतायत आणि मॉडेल मात्र ज्याला-त्याला दीडशेच्या आगेमागे काहीतरी सांगतंय. माझंही असंच झालं होतं. दोन दिवस कर्नल बदलून पाहिले, डेटा पुन्हा पुन्हा चाळला आणि शेवटी पद्धतच टाकाऊ आहे असं ठरवून मोकळा झालो. पद्धतीत काही खोट नव्हती. मी तिला आकडे कुठल्या मापात आहेत तेच कळू दिलं नव्हतं.

या लेखात पायथनमधली सायकिट-लर्न ही लायब्ररी घेऊन एसव्हीआर, म्हणजे सपोर्ट व्हेक्टर रिग्रेशन ही आकड्यांचा अंदाज करणारी पद्धत, पहिल्यापासून बसवू. पायथनमध्ये फंक्शन कसं वापरायचं आणि नमपायचा ॲरे म्हणजे काय एवढं माहीत असलं की पुरे. क्लासची आणि पॅरामीटरची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत करायची. कोडच्या सलग ओळी मुद्दाम दिलेल्या नाहीत. सगळा प्रोग्रॅम वीसेक ओळींचा होतो, आणि कुठली ओळ कशासाठी हे डोक्यात बसलं की ती लिहायला वेळ लागत नाही.

आधी पाच मिनिटं कागदावर

साध्या रेषीय रिग्रेशनमध्ये प्रत्येक चुकीचा वर्ग करतात आणि त्यांची बेरीज कमीत कमी करतात. एसव्हीआरचा खाक्या वेगळा. ते अंदाजाच्या रेघेभोवती एक नळी आखतं. रेघेपासून नळीच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे एप्सिलॉन. बिंदू नळीच्या आत असला तर दंड शून्य. बाहेर असला तर कडेपासून जेवढा लांब तेवढाच दंड.

समजा एप्सिलॉन ५ आहे आणि खरं मूल्य ५०. अंदाज ५३ आला, दंड ०. अंदाज ५८ आला, दंड ३, कारण ८ च्या चुकीतले ५ माफ. अंदाज ९० आला तर दंड ३५. इथे वर्ग होत नाही, म्हणून एखादा भलताच बिंदू सगळी रेघ आपल्याकडे खेचून नेत नाही. गोंगाट असलेल्या डेटावर एसव्हीआर वापरून पाहावंसं वाटतं त्याचं हे एक मोठं कारण.

दंड कमी करायचा ही झाली एक ओढ. दुसरी ओढ म्हणजे रेघ होता होईल तेवढी सपाट ठेवायची. या रस्सीखेचीत दंडाच्या बाजूला किती जोर द्यायचा ते ठरवणारा आकडा म्हणजे सी. सी मोठा केला की मॉडेल प्रत्येक बिंदूच्या मागे धावतं. लहान केला की आळसावून सपाट होतं.

नळीच्या पोटात असलेले बिंदू काढून टाकले आणि पुन्हा ट्रेनिंग केलं तरी रेघ तीच येते. जे कडेवर किंवा बाहेर आहेत तेच रेघ तोलून धरतात, म्हणून त्यांना सपोर्ट व्हेक्टर म्हणतात.

आता वळणं. रेघ सरळ नको असेल तर कर्नल लागतो आणि लायब्ररी आपणहून आरबीएफ हा कर्नल घेते. तो डेटातल्या दोन ओळी, म्हणजे दोन नोंदी, एकमेकींच्या किती जवळ आहेत याचं ० ते १ मधलं माप देतो. रीत सोपी आहे: दोघींमधल्या अंतराचा वर्ग करायचा, त्याला गॅमाने गुणायचं, उणे चिन्ह लावायचं आणि तो आकडा ई च्या घातावर चढवायचा. गॅमा ०.५ धरला तर १ अंतरावर जवळीक ०.६१ येते, २ अंतरावर ०.१४ आणि ४ अंतरावर ०.०००३, म्हणजे ओळख नसल्यातच जमा. गॅमा वाढवला की प्रत्येक बिंदूची दृष्टी आखूड होते, कमी केला की लांबवर पोचते.

नव्या ओळीचा अंदाज असा निघतो: तिची प्रत्येक सपोर्ट व्हेक्टरशी जवळीक मोजायची, तिला त्या व्हेक्टरच्या वजनाने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि शेवटी एक स्थिरांक मिळवायचा. यातलं कुठलंही वजन अधिक किंवा उणे सी च्या पलीकडे जाऊ शकत नाही. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा, आडव्या रेघेचं कोडं त्यातच सुटतं.

थोडा इतिहास, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. ही कल्पना व्लादिमीर वाप्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. वर्गीकरणासाठीचं आज परिचित असलेलं रूप १९९५ मध्ये आलं, आकड्यांचा अंदाज करणारं रूप १९९६ मध्ये. सायकिट-लर्नचा एसव्हीआर क्लास यातलं गणित स्वतः करत नाही. तो ते लिबएसव्हीएम या लायब्ररीकडे सोपवतो, जी तैवान राष्ट्रीय विद्यापीठातल्या चिह-चुंग चांग आणि चिह-जेन लिन यांनी लिहिली. म्हणून एसव्हीआरचा वेग आणि त्याच्या मर्यादा या मुळात लिबएसव्हीएमच्या आहेत.

मांडामांड

पिप वापरून इन्स्टॉल करताना पॅकेजचं पूर्ण नाव द्यायचं, म्हणजे मध्ये आडवी रेघ असलेलं सायकिट-लर्न. कोडमध्ये इम्पोर्ट करताना मात्र नाव स्केलर्न असं आखूड होतं. या फरकात पुष्कळ जण अडकतात. स्केलर्न नावाचं एक पॅकेज पिपवर होतं खरं, पण ते कालबाह्य ठरवलेलं आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका.

सरावासाठी लायब्ररीसोबतच येणारा मधुमेहाचा डेटा घेऊ. तो लोड-डायबिटीस या फंक्शनने मिळतो, काही डाउनलोड करावं लागत नाही. त्यात ४४२ रुग्ण आहेत आणि प्रत्येकाचे १० कॉलम: वय, लिंग, बॉडी मास इंडेक्स, सरासरी रक्तदाब आणि रक्ताची सहा मापं. टार्गेट, म्हणजे ज्याचा अंदाज करायचा तो आकडा, इथे वर्षभराने रोग किती पुढे गेला ते सांगतो. तो २५ ते ३४६ या पट्ट्यात फिरतो, सरासरी १५२, प्रमाण विचलन ७७. हे ७७ ध्यानात असू द्या.

डेटा हातात आला की पहिली सवय म्हणजे शेप छापून बघणं. फीचरचा, म्हणजे ज्यांवरून अंदाज करायचा त्या कॉलमचा, ॲरे दोन मितींचा हवा, ४४२ बाय १०. टार्गेट एकाच मितीचं, नुसतं ४४२. तुमच्याकडे एकच फीचर असेल तर तो ॲरे एका मितीचा असतो आणि फिट, म्हणजे मॉडेलला शिकवणारं फंक्शन, लगेच तक्रार करतं, की दोन मितींचा हवा होता, एकाच मितीचा मिळाला. तिथे रीशेपला उणे एक आणि एक द्यायचं. उलट टार्गेट चुकून कॉलमच्या रूपात, दोन मितींत, गेलं असेल तर त्यावर रॅव्हल लावायचं.

मग ट्रेन-टेस्ट-स्प्लिट. टेस्ट-साइझ ०.२ आणि रँडम-स्टेट ४२ ठेवलं तर ट्रेनिंगला ३५३ ओळी राहतात आणि टेस्टला ८९. टेस्टच्या ८९ ओळी आता डब्यात बंद. शेवटी एकदाच उघडायच्या.

एसव्हीआरला हात लावण्याआधी दोन मॉडेलं चालवून घ्या. एक डमी-रिग्रेसर, जो डोळे मिटून सरासरी सांगतो. दुसरं लिनिअर-रिग्रेशन. याच विभागणीवर लिनिअर-रिग्रेशनचा आर-स्क्वेअर (१ म्हणजे अचूक अंदाज, ० म्हणजे नुसती सरासरी सांगण्याइतकाच) ०.४५ च्या आसपास येतो. फार भारी नाही, पण आता तुलनेला एक खुंटी तरी मिळाली. ही खुंटी न ठोकता थेट एसव्हीआरवर उडी मारणाऱ्यांना आपलं मॉडेल चांगलं की वाईट हे कळायला काही मार्गच नसतो.

आडवी रेघ डोळ्यांनी बघा

आता काहीही न बदलता एसव्हीआर चालवा. स्केलर्नच्या एसव्हीएम मोड्यूलमधून क्लास घ्या, कंसात काही न देता ऑब्जेक्ट बनवा, फिट करा, स्कोर मागा. तो आर-स्क्वेअर देतो, आणि तो इथे ०.२ सुद्धा गाठत नाही. साध्या सरळ रेषेने ०.४५ दिलं होतं!

का झालं ते हिशेबाने पाहू. आपण काही दिलं नाही तेव्हा सी १ असतो, एप्सिलॉन ०.१, आणि कर्नल आरबीएफ. म्हणजे कुठलीही एक ओळ अंदाजाला जास्तीत जास्त १ ने वर किंवा खाली ढकलू शकते, आणि तेही नवी ओळ अगदी तिच्या डोक्यावर येऊन बसली तर. दोन सर्वसाधारण ओळींमधली जवळीक या डेटात ०.१४ च्या घरात आहे, म्हणजे ढकलणं आणखी दुबळं. शिवाय सगळ्या वजनांची बेरीज शून्य यावी लागते, त्यामुळे वर ढकलणारे आणि खाली ढकलणारे एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतात. टार्गेट ७७ च्या विचलनाने हलतंय आणि मॉडेलच्या हाताला जोर आहे तो असा. ते स्थिरांकाजवळ बसून राहणार, दुसरं काय करणार? आणि तो स्थिरांकही सरासरीपेक्षा मध्यकाकडे झुकतो, कारण इथे चुकीचा वर्ग न करता ती जेवढी आहे तेवढाच दंड लागतो.

एप्सिलॉनचंही तेच. २५ ते ३४६ च्या पट्ट्यात ०.१ ची नळी म्हणजे दोराच. तिच्या आत कोण मावणार? फिट झालेल्या ऑब्जेक्टचं सपोर्ट हे ॲट्रिब्यूट, शेवटी अंडरस्कोर असलेलं, त्याची लांबी छापून बघा. ३५३ पैकी जवळजवळ सगळ्याच ओळी सपोर्ट व्हेक्टर झालेल्या दिसतील.

याच्या उलटा अपघातही होतो. समजा तुमचं टार्गेट ०.०२ ते ०.०८ मध्ये आहे. तीच ०.१ ची नळी आता एवढी रुंद ठरते की सगळे बिंदू तिच्या पोटात जातात. सपोर्ट व्हेक्टर एकही नाही, दंड शून्य, मॉडेल खूश, आणि अंदाज प्रत्येकाला एकच. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही. मला हा प्रकार जास्त धोक्याचा वाटतो.

दोन्ही अपघातांत दोष एकच. एप्सिलॉन टार्गेटच्या एककात मोजला जातो, सी सुद्धा टार्गेटच्या मापाशी बांधलेला आहे, आणि गॅमा फीचरच्या अंतरांशी. आपण ते आकडे तसेच ठेवले म्हणजे आपला डेटा त्यांच्या मापाचा आहे असं गृहीत धरलं. तो तसा क्वचितच असतो. म्हणून तो तसा करून घ्यायचा.

फीचर एका मापात आणणं

दोन फीचर समजा: तापमान अंश सेल्सिअसमध्ये आणि हवेचा दाब पास्कलमध्ये. दोन नोंदींमध्ये तापमानाचा फरक १० आणि दाबाचा ५००. अंतराचा वर्ग झाला १०० अधिक २,५०,०००. तापमान १० अंशांनी बदललं, ही केवढी मोठी गोष्ट, पण त्या बेरजेत तिचा आवाजच ऐकू येत नाही. तेच दाब किलोपास्कलमध्ये लिहिला असता तर फरक ०.५, वर्ग ०.२५, आणि सगळा कारभार तापमानाच्या हाती. हवामान तेच, नोंदवहीत एकक कुठलं लिहिलं त्यावर मॉडेल बदललं.

उपाय स्टँडर्ड-स्केलर. तो प्रत्येक कॉलममधून सरासरी वजा करतो आणि प्रमाण विचलनाने भागतो. मात्र तो सुटा वापरू नका. मेक-पाइपलाइन या फंक्शनला आधी स्टँडर्ड-स्केलर आणि मग एसव्हीआर द्या, आणि तिथून पुढे ती पाइपलाइन हेच आपलं मॉडेल समजा. सुटा वापरला की कधी ना कधी सगळ्या ४४२ ओळींवर फिट होतो आणि टेस्टच्या ओळींची सरासरी ट्रेनिंगमध्ये झिरपते. किंवा नव्या डेटावर नव्याने फिट केला जातो आणि दोन्हीकडची मापं जुळत नाहीत. पाइपलाइन हे दोन्ही घोळ होऊच देत नाही.

मधुमेहाच्या डेटात एक गंमत लपलेली आहे. तो आधीच स्केल केलेला मिळतो, पण आपल्या ओळखीच्या रीतीने नाही. प्रत्येक कॉलमच्या वर्गांची बेरीज १ येईल असा तो आवळलेला आहे, त्यामुळे प्रत्येक कॉलमची विचरणता, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, येते १ भागिले ४४२. आकडे छापले तर ०.०३, उणे ०.०४ असे बारीक दिसतात. आता गॅमा बघा. तो आपण दिला नाही तर 'स्केल' हा पर्याय लागू होतो: १ भागिले (कॉलमची संख्या गुणिले फीचरची विचरणता). इथे तो ४४.२ निघतो आणि सगळं ठीक बसतं. 'ऑटो' हा पर्याय मात्र विचरणता बघतच नाही, नुसतं १ भागिले कॉलम करतो, म्हणजे ०.१. त्या गॅमाने दोन सर्वसाधारण ओळींमधली जवळीक ०.९९ च्या वर जाते. सगळे रुग्ण मॉडेलला जुळे भाऊ दिसू लागतात. ०.२२ आवृत्तीच्या आधी लायब्ररी आपणहून 'ऑटो' घ्यायची, म्हणून जुने धडे बघून कोड लिहिणाऱ्याने हे तपासावं. स्टँडर्ड-स्केलर मध्ये घातला की विचरणता १ होते, दोन्ही पर्याय ०.१ वरच येतात आणि भांडण मिटतं.

टार्गेटही एका मापात

फीचर स्केल करायचे हे बहुतेक जण कुठे ना कुठे वाचतात. टार्गेट राहून जातं. रेषीय रिग्रेशनमध्ये ते राहिलं तरी चालतं, तिथे गुणक आपोआप मोठे होतात. इथे वजनांना सी चं कुंपण आहे, त्यामुळे चालत नाही.

हाताने करायचं तर टार्गेटसाठी वेगळा स्केलर, त्याआधी रीशेप, नंतर रॅव्हल, आणि अंदाज आल्यावर इन्व्हर्स-ट्रान्सफॉर्म. यातली शेवटची पायरी विसरणं हा ठरलेला अपघात आहे. त्यापेक्षा कंपोज मोड्यूलमधला ट्रान्सफॉर्म्ड-टार्गेट-रिग्रेसर घ्या. त्याच्या रिग्रेसर या पॅरामीटरला आपली पाइपलाइन द्यायची आणि ट्रान्सफॉर्मरला एक नवा स्टँडर्ड-स्केलर. फिट करताना तो टार्गेट आवळतो, अंदाज देताना परत मूळ मापात उलगडून देतो. मितींची कटकटही तोच सांभाळतो.

यामुळे सी आणि एप्सिलॉनला अर्थ येतो. टार्गेट ७७ ने भागलं गेलं, म्हणून आता सी १ ठेवणं म्हणजे मूळ मापात ७७ ठेवण्यासारखं. एप्सिलॉन ०.१ म्हणजे मूळ मापात ७.७. तुम्हाला माहीत असेल की टार्गेट मोजणाऱ्या उपकरणातच १० ची चूक असते, तर १० भागिले ७७, म्हणजे साधारण ०.१३ हा एप्सिलॉन सुरुवातीला धरायला हरकत नाही. त्याहून बारीक नळी आखणं म्हणजे उपकरणाचा गोंगाट पाठ करायला लावणं.

हे मॉडेल पुन्हा फिट करून तोच आलेख काढा. आडवी रेघ मोडलेली असेल.

शोध

आता बटणं फिरवायला हरकत नाही. ग्रिड-सर्च-सीव्ही हे काम करतो. त्याला पॅरामीटरची नावं द्यायची पद्धत सुरुवातीला विचित्र वाटते: आपलं मॉडेल डबीत डबी असं आहे, म्हणून बाहेरच्या डबीपासून आत जात प्रत्येक नावानंतर दोन अंडरस्कोर लावायचे. रिग्रेसर, दोन अंडरस्कोर, एसव्हीआर, दोन अंडरस्कोर, सी. मेक-पाइपलाइन क्लासचं नाव लहान अक्षरांत करून वापरतं, म्हणून मधला एसव्हीआर लहान लिपीत. पॅरामीटरचा सी मात्र मोठ्या लिपीत. इथे एक अंडरस्कोर कमी पडला तर पॅरामीटर चुकीचा आहे असा एरर येतो. अडलात तर मॉडेलवर गेट-पॅराम्स बोलवा, सगळी नावं छापून मिळतात आणि त्यातलं हवं ते उचलता येतं.

किंमती समान अंतराने देऊ नका, दहाच्या पटीत द्या. सी साठी ०.१, १, १० आणि १००. गॅमासाठी ०.००१, ०.०१, ०.१ आणि १. एप्सिलॉनसाठी ०.०१, ०.१ आणि ०.५ पुरे. चार गुणिले चार गुणिले तीन, ४८ जोड्या. पाच घड्यांच्या क्रॉस-व्हॅलिडेशनने (ट्रेनिंगच्या ओळींचे पाच तुकडे करून पाळीपाळीने चारांवर शिकवायचं आणि उरलेल्या एकावर तपासायचं) २४० वेळा फिट, आणि सगळ्यात चांगली जोडी घेऊन शेवटी आणखी एकदा. ३५३ ओळींवर हे पटकन उरकतं. एन-जॉब्सला उणे एक दिलं की सगळे कोअर कामाला लागतात.

घड्यांबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. रिग्रेशनमध्ये सीव्हीला नुसता ५ आकडा दिला तर लायब्ररी ओळी न पिसता आहेत त्या क्रमाने पाच तुकडे पाडते. डेटा टार्गेटच्या चढत्या क्रमाने लावलेला असेल तर शेवटच्या तुकड्यात सगळी मोठी मूल्यं एकवटतात आणि मॉडेलने तसलं काही बघितलेलंच नसतं. स्कोर भयंकर येतो आणि माणूस सी ला दोष देत बसतो. के-फोल्डचा ऑब्जेक्ट बनवून त्यात शफल चालू करा आणि तो सीव्हीला द्या. फक्त डेटा काळाच्या क्रमाने असेल तर पिसू नका. तिथे टाइम-सिरीज-स्प्लिट, नाहीतर मॉडेल उद्याचा पेपर बघून आजचं उत्तर लिहील.

स्कोरिंगला मी निगेटिव्ह मीन ॲब्सोल्यूट एरर देतो. लायब्ररीचा दंडक असा की मोठा स्कोर म्हणजे चांगला, म्हणून चुकीला उणे चिन्ह लावतात. बेस्ट-स्कोर उणे ४५ आला तर घाबरू नका. सरासरी चूक ४५ आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि टार्गेट आपोआप उलगडलं जात असल्यामुळे हे ४५ मूळ मापातले आहेत, कुणालाही तसेच सांगता येतात.

निकाल आल्यावर बेस्ट-पॅराम्स बघा आणि उत्तर जाळीच्या काठावर आलंय का ते तपासा. सी १०० निवडला गेला असेल तर खरी जागा कदाचित ३०० वर असेल. जाळी तिकडे सरकवून पुन्हा चालवा. गॅमा आणि सी दोन्ही एकदम वरच्या टोकाला गेले तर मात्र मी थबकतो. आखूड दृष्टी आणि भरपूर जोर, हे पाठांतराचं लक्षण. ट्रेनिंगचा स्कोर आणि क्रॉस-व्हॅलिडेशनचा स्कोर यांत किती दरी आहे ते तेव्हा हमखास बघावं.

आता डबा उघडा, ८९ ओळींवर एकदा मोजा, आणि आकडा जो येईल तो मान्य करा. या डेटावर एसव्हीआर सरळ रेषेला फार मागे टाकेल अशी अपेक्षा ठेवू नका. संबंध बराचसा सरळ आहे आणि गोंगाट भरपूर. अशा वेळी समजायला सोपं असलेलं लिनिअर-रिग्रेशनच मी ठेवतो.

कुठे थांबायचं

ओळी वाढल्या की एसव्हीआर फार लवकर दमतं. फिटला लागणारा वेळ ओळींच्या वर्गापेक्षाही जास्त वेगाने वाढतो. ओळी दुप्पट केल्या तर वेळ किमान चौपट धरा. काही दहा हजार ओळींच्या पुढे हा क्लास वापरण्यात अर्थ राहत नाही. कर्नल सरळच हवा असेल तर लिनिअर-एसव्हीआर घ्या. तो लिबलिनिअर या लायब्ररीवर चालतो आणि मोठ्या डेटावर टिकतो. पण तो काही न देता एप्सिलॉन ० धरतो, ०.१ नाही, त्यामुळे दोघांची तुलना करताना एप्सिलॉन स्वतः लिहा. वळणं हवीत आणि ओळीही लाखभर आहेत, तर निस्ट्रॉम या क्लासने आरबीएफची नक्कल करून पुढे लिनिअर-एसव्हीआर जोडता येतो.

न्यू-एसव्हीआर नावाचा तिसरा भाऊही आहे. त्यात एप्सिलॉनऐवजी न्यू हा ० ते १ मधला आकडा देतात आणि सपोर्ट व्हेक्टरचं प्रमाण किमान तेवढं राहतं. नळी किती जाड हवी याचा अंदाजच नसेल तेव्हा कामाला येतो. मला फारशी गरज पडलेली नाही.

फिट सुरू झालं आणि संपतच नाही असं झालं, तर प्रोसेस मारा आणि स्केलिंग तपासा. न आवळलेले फीचर आणि मोठा सी ही जोडी थोड्या ओळींवरही मशीनला घाम फोडते. किती फेऱ्यांनंतर थांबायचं ते ठरवणारा मॅक्स-इटर मुळात उणे एक असतो, म्हणजे मर्यादाच नाही.

रिकाम्या जागा या क्लासला चालत नाहीत. पाइपलाइनच्या तोंडाशी सिंपल-इम्प्युटर लावा. एकाच वेळी दोन टार्गेट हवी असतील तर मल्टि-आउटपुट-रिग्रेसरने गुंडाळा.

आणि आरबीएफकडून भविष्याची रेघ पुढे वाढवून मागू नका. ट्रेनिंगमध्ये फीचर ० ते १० होतं आणि टार्गेट त्याच्यासोबत चढत होतं, आता तुम्ही ३० विचारलंत, तर तिथून प्रत्येक सपोर्ट व्हेक्टर इतका लांब असतो की सगळ्या जवळीकी शून्यावर येतात. बेरजेत उरतो नुसता स्थिरांक. चढती रेघ खाली कोसळून मधल्या उंचीवर सपाट होते, आणि मॉडेल ते उत्तर तितक्याच ठामपणे देतं. काळाच्या क्रमाने वाढत जाणाऱ्या आकड्यांवर एसव्हीआर लावणारे इथे हटकून फसतात. कल वेगळा काढून उरलेल्यावर मॉडेल बसवायचं, किंवा सरळ कर्नल घ्यायचा.

मॉडेल जतन करायला जॉबलिबचं डंप पुरतं. जतन करायची ती सगळ्यात बाहेरची डबी, ट्रान्सफॉर्म्ड-टार्गेट-रिग्रेसर किंवा ग्रिड-सर्चचा बेस्ट-एस्टिमेटर, आणि उघडताना लायब्ररीची आवृत्ती तीच असू द्या. आतला सुटा एसव्हीआर काढून ठेवलात तर काही दिवसांनी कुणीतरी विचारायला येईल की १५० च्या आसपासचा आकडा यायला हवा तिथे हे ०.४ आणि उणे १.२ काय येतंय.